गाडी शिकवली कोणी? फटफटीपासून ॲक्टिव्हापर्यंतचा एक घरगुती इतिहास

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढला आहे. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी ओघ तसाच ठेवलाय.

आजचा विषय तुमच्या घराच्या पार्किंगमध्ये उभा आहे. दुचाकी. आता दुचाकीचा इतिहास म्हटलं की साधारण कंपन्यांचा इतिहास सांगितला जातो. कुठला कारखाना कधी निघाला, कुठलं मॉडेल कधी आलं आणि कधी बंद पडलं. तोही आपण बघू, पण आज मला वेगळा प्रश्न विचारायचाय. तुम्हाला गाडी शिकवली कोणी? आणि त्यांना कोणी शिकवली होती? चारचाकीसाठी आपण ड्रायव्हिंग स्कूलची फी भरतो. दुचाकीसाठी भरलेला माणूस तुमच्या ओळखीत किती जण आहेत? फारच थोडे. म्हणजे देशातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं वाहन आपण काका, मामा, मोठा भाऊ आणि गल्लीतला मित्र यांच्या भरवशावर शिकलो. ही एक मोठी, कुठेही नोंद नसलेली शाळा आहे. तिचा अभ्यासक्रम काय होता, तो कसा बदलत गेला आणि त्यात काय शिकवायचं राहून गेलं, ते आज बघू.

पहिला विद्यार्थी

सुरुवात जर्मनीतून करू, कारण पहिला शिकाऊ स्वार तिथला. १८८५ साली गॉटलीब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी लाकडी सांगाड्यात पेट्रोलवर चालणारं छोटं इंजिन बसवलं. ताकद किती, तर साधारण अर्धा अश्वशक्ती. यंत्राचं नाव होतं राइटवागेन, म्हणजे स्वारीची गाडी. डायम्लरना खरं तर दुचाकी बनवायचीच नव्हती, आपलं इंजिन वाहनात चालतं एवढंच दाखवायचं होतं. तोल जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटी चाकं लावली होती. आपण लहान मुलांच्या सायकलला लावतो ना, तशीच.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये डायम्लर यांचा किशोरवयीन मुलगा पाउल ही गाडी घेऊन कानश्टाटहून उंटरट्युर्कहाइमपर्यंत गेला. इंजिन पेटवायला तापलेली नळी होती आणि ती नेमकी बसायच्या जागेखाली. त्या प्रवासात सीटनं पेट घेतला अशी गोष्ट सांगतात. बघा, मोटारसायकलच्या इतिहासातली पहिली रपेट एका पोरानं वडिलांच्या गाडीवर मारली. ही परंपरा तेव्हापासूनची आहे.

फटफटीचा काळ

आपल्याकडे मोटारसायकल आली ती साहेबाबरोबर. लष्कर, पोलीस, मोठे अधिकारी, संस्थानिक. सामान्य माणसानं ती आधी ऐकली आणि मग पाहिली, म्हणून तिचं मराठी नाव आवाजावरून पडलं, फटफटी. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराचा जादा माल विक्रीला निघाला. त्याला लोक 'डिस्पोजलचा माल' म्हणायचे. त्यात बीएसए, नॉर्टन, मॅचलेस अशा ब्रिटिश गाड्या होत्या. 'शोले'मध्ये जय-वीरू साइडकार लावलेली जी गाडी उडवतात ती याच पिढीतली, बीएसएची. सिनेमा १९७५ चा, गाडी युद्धकाळातली.

मद्रासच्या मद्रास मोटर्सनं १९४९ पासून इंग्लंडमधल्या रॉयल एनफिल्ड गाड्या आणून विकायला सुरुवात केली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय लष्करानं साडेतीनशे सीसीची बुलेट पसंत केली आणि १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली. पुढे इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला, पण मद्रासमध्ये बुलेट बनत राहिली.

बुलेट शिकणं म्हणजे आधी किक शिकणं. नुसता जोर लावून भागत नसे. अँपिअर मीटरच्या काट्याकडे बघत किक हळूहळू दाबायची, पिस्टन दाबाच्या टप्प्यावर आला की डीकॉम्प्रेसरची छोटी दांडी ओढून तो जरासा पुढे सरकवायचा, दांडी सोडायची, किक वर आणायची आणि मग एकाच दमात पूर्ण खाली. हा क्रम चुकला की किक उलटी यायची. पोटरीवर, घोट्यावर, नडगीवर. जुन्या बुलेटवाल्यांना विचारा, ते पँट वर करून खूण दाखवतील.

दुसरी अडचण पायांची. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. ब्रिटिश गाड्यांची ती पद्धत होती. बाकीच्या गाड्यांना बरोबर उलट. त्यामुळे बुलेटवर शिकलेला माणूस दुसरी गाडी चालवताना, किंवा दुसऱ्या गाडीवरचा माणूस बुलेटवर बसला की, ऐन वेळी ब्रेकच्या जागी गिअर दाबायचा. म्हणून गाडी उसनी देताना मालक पहिलं वाक्य बजावून सांगायचा, 'गिअर उजवीकडे आहे हं.'

एकच दांडी, दोन कामं

बुलेटच्या जोडीला दुसरी मोठी परंपरा म्हैसूरची. रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी आयडियल जावा ही कंपनी काढली आणि चेकोस्लोव्हाकियातल्या जावा गाड्या साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून म्हैसुरात बनू लागल्या. सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव येझदी झालं.

जावा-येझदीची खुबी म्हणजे तिची किक आणि गिअर ही एकच दांडी होती. आत दाबून वर फिरवली की किक, गाडी सुरू झाल्यावर पुन्हा खाली आणली की गिअर. पहिल्यांदा बघणाऱ्याला किकच सापडायची नाही! कॉलेजच्या पोरांचा एक ठरलेला खेळ होता. नवख्याच्या हातात किल्ली द्यायची आणि 'चालू करून दाखव' म्हणायचं. दोन सायलेन्सर, टू-स्ट्रोकचा तो टणटणीत आवाज. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की घरात कळायचं, अमक्याची येझदी आली.

तिसरी राजदूत. एस्कॉर्ट्स कंपनीची, पोलंडच्या एका गाडीवरून घेतलेली, १७५ सीसीची. १९७३ साली आलेल्या 'बॉबी'मध्ये ऋषी कपूर आणि डिंपल कपाडिया छोट्या चाकांच्या राजदूतवर फिरले आणि त्या गाडीला लोक 'बॉबी' म्हणू लागले. पण राजदूतचा खरा नायक सिनेमातला नव्हता, तो दूधवाला होता. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून, पहाटे पाचला, चिखलाच्या रस्त्यानं. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी दूधसंघ वाढले. गावातून संकलन केंद्रापर्यंत दूध पोचवायचं तर बैलगाडीचा वेग आणि दुधाचं नासणं यांचा मेळ बसत नव्हता, तिथे ही गाडी कामाला आली. ऐंशीच्या दशकात बजाजची एम-एटी निघाली आणि हे काम बऱ्याच ठिकाणी तिच्याकडे गेलं. या लोकांनी गाडी हौसेनं शिकून घेतली नव्हती. भरलेल्या किटल्यांसकट तोल सांभाळायला ते पहिल्या आठवड्यातच शिकले, कारण सांडलेल्या दुधाचे पैसे कोणी देत नव्हतं.

गोव्यात तर गाडी चालवणं हा सरळ धंदाच झाला. काळी-पिवळी मोटारसायकल आणि तिच्यावरचा 'पायलट'. मागच्या सीटवर एक प्रवासी, मीटर नाही, भाडं बोलून ठरवायचं. बाजाराच्या पिशवीसकट म्हातारीला डोंगरावरच्या वाड्यापर्यंत नेऊन सोडणारा हा माणूस गोव्याच्या वाहतुकीचा कणा राहिलेला आहे.

रांगेतली स्कूटर

आता येऊ आपल्या मध्यमवर्गीय घरात. तिथे मोटारसायकल नव्हती, स्कूटर होती. आणि खरं सांगायचं तर बरीच वर्षं स्कूटरही नव्हती, स्कूटरचा नंबर होता.

मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियानं लॅम्ब्रेटा जोडायला घेतली. बजाज ऑटोची मूळ कंपनी १९४५ ची. सुरुवातीला ती गाड्या आयात करून विकायची. १९५९ मध्ये तिला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून इटलीच्या पियाज्जिओशी करार करून पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा बनू लागली. १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स निघाली, तिथून 'प्रिया' आली.

मग रांग कशाची? तर परवाना राज्याची. कारखान्यानं वर्षाला किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवायचं. मागणी कितीही असू दे, परवान्यापेक्षा जास्त उत्पादन हा गुन्हा. त्यामुळे गिऱ्हाईक तयार, कारखाना तयार, पण गाडी नाही. अनामत रक्कम भरून नाव नोंदवायचं आणि थांबायचं. चेतकसाठी एके काळी दहा-दहा वर्षं थांबावं लागलं. परदेशातल्या नातेवाइकानं परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागायचा, म्हणून आखातात गेलेल्या मावसभावाला अचानक मान मिळू लागला. ज्याचा नंबर लागला पण पैसे नव्हते तो आपला नंबर विकायचा, आणि हातात आलेली नवी गाडी दुसऱ्याच दिवशी छापील किमतीपेक्षा जास्तीला जायची.

ही रांग लग्नाच्या बैठकीतही पोचली. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, आणि त्याच दशकापासून 'मुलाला स्कूटर द्या' ही मागणी याद्यांमध्ये दिसू लागली. हुंडा नाही म्हणायचं, पण गाडी घ्यायची. कित्येक मुलींच्या वडिलांनी मुलगी लहान असतानाच नंबर लावून ठेवले होते. त्या स्कूटरवर पुढची वीस वर्षं ती मुलगी बसली, पण मागे, आडवी, एका हातानं मूल आणि एका हातानं स्टेपनी धरून.

या टंचाईचा शिकण्याशी थेट संबंध आहे. अख्ख्या गल्लीत एखादी स्कूटर, तीही दहा वर्षं वाट बघून आलेली. ती शिकाऊ पोराच्या हातात कोण देणार? त्यामुळे शिकणं टप्प्याटप्प्यानं चालायचं. आमच्याकडे मामाची स्कूटर होती. तिचा क्रम ठरलेला होता. पहिली काही वर्षं फक्त पुढे उभं राहायचं, हँडल धरून, वारा खात. मग रविवारी गाडी धुवायची. मग स्टँडवरून काढायला आणि स्टँडवर लावायला शिकायचं. मग गाडी बंद ठेवून हातानं ढकलत फाटकापर्यंत न्यायची. हे सगळं झालं की एका मे महिन्यात शाळेच्या मैदानावर मामा मागे बसणार आणि म्हणणार, 'क्लच हळूहळू सोड. हळू. हळू म्हटलं ना!'

त्या स्कूटरचा अभ्यासक्रम आजच्या पोरांना सांगितला तर खोटा वाटेल. गिअर डाव्या हातात, क्लचसकट मूठ फिरवायची. पहिला वर, बाकीचे खाली, आणि न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी. इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे वजन उजवीकडे. सकाळी सुरू होत नसेल तर गाडी एका बाजूला कलती करायची, मग किक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर प्लगवर काजळी. म्हणून डिकीत प्लगपाना आणि पॉलिशपेपरचा तुकडा कायमचा. रस्त्यात पेट्रोल संपत आलं की खाली वाकून कॉक रिझर्व्हला करायचा. गाडी चालवता येणं म्हणजे गाडी दुरुस्त करता येणं, अशी ती समजूत होती. बंद पडलेल्या गाडीभोवती चार अनोळखी माणसं जमून 'प्लग बघा, प्लग' म्हणायची. आता तसं जमत नाही कोणी, कारण कोणाला काही कळत नाही.

लुना, आणि हँडल हातात आलेल्या बायका

चेतक आली त्याच १९७२ साली कायनेटिकची लुना बाजारात आली. पन्नास सीसी, गिअर नाहीत, पायडल आहेत. पेट्रोल संपलं तर सायकलसारखी मारत घरी या. 'चल मेरी लुना' ही जाहिरात पुढे घरोघरी पोचली. लुनाला लोक हसले. तिच्यावर विनोद झाले. पण माझं मत विचाराल तर महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात लुनाची जागा बुलेटच्या वर आहे.

का? तर स्कूटर आणि मोटारसायकल या गाड्या बायकांना जमणार नाहीत असं ठरवूनच टाकलेलं होतं. वजन, किक, साडी, सगळी कारणं तयार. अगदी नियमांकडे बघा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारी जाळी लावायला सांगितली आहे, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. आपण तिला साडीगार्ड म्हणतो. नियम चांगलाच आहे, त्यानं जीव वाचले. पण आपल्या बोलीनं त्या जाळीला दिलेलं नाव बघा. मागे बसणारी बाईच असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

लुनानं हे गणित बदललं. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात मुली आधीपासून सायकल मारत होत्या, तोल त्यांच्या अंगात होता. लुना म्हणजे सायकलच, फक्त पाय न दुखवणारी. शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या क्लार्क, शिकवण्या घेणाऱ्या बाई, पोळीभाजीचे डबे पोचवणाऱ्या बायका लुनावर दिसू लागल्या. पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्याला कायनेटिक होंडा आली. तिलाही गिअर नव्हते आणि ती बटणावर सुरू व्हायची. किक मारायची गरजच संपली. नव्वदच्या दशकात टीव्हीएसची स्कूटी आली आणि तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या मुली ही पुण्याची ओळखच बनली.

यातून एक फार महत्त्वाची गोष्ट झाली. शिकवणारा बदलला. तोपर्यंत गाडी पुरुषाकडून पुरुषाकडे जात होती. आता मोठी बहीण धाकटीला शिकवू लागली, मैत्रीण मैत्रिणीला. कितीतरी घरांत तर लेकीनं आईला शिकवली. पंचेचाळिशीतली आई संध्याकाळी सोसायटीच्या आवारात चकरा मारतेय आणि कॉलेजातली मुलगी मागून 'आई, समोर बघ, चाकाकडे नको बघू' ओरडतेय, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्या बाईला दवाखान्यात जायला, माहेरी जायला, भाजी आणायलासुद्धा कोणाच्या तरी सवडीची वाट बघावी लागायची, तिला ती वाट बघायची गरज उरली नाही. याचा हिशेब कुठल्याही कंपनीच्या ताळेबंदात मिळणार नाही.

जपानी गाड्या आणि गाव

१९८० च्या दशकात परदेशी भागीदारीला परवानगी मिळाली आणि दोन-तीन वर्षांत चार जपानी नावं आली. टीव्हीएसबरोबर सुझुकी, हिरोबरोबर होंडा, एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा, बजाजबरोबर कावासाकी. सगळ्यांच्या गाड्या शंभर सीसीच्या आसपास. १९८५ मध्ये यामाहाची आरएक्स-हंड्रेड आली आणि पोरांना वेड लागलं. १९९६ मध्ये ती बंद झाली, पण वेड अजून उतरलेलं नाही.

देश बदलला तो मात्र हिरो होंडाच्या सीडी-हंड्रेडनं. तीही १९८५ चीच. फोर-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही, आणि लिटरला ऐंशी किलोमीटरचा दावा. टाकी भरा आणि विसरून जा, असा जाहिरातीचा सूर होता. ज्याला महिन्याच्या पगारातून पेट्रोलचे पैसे बाजूला काढावे लागतात त्याला 'विसरून जा' हा शब्द काय वाटला असेल! रांगही हळूहळू संपली. आता दुकानात जायचं, हप्ता ठरवायचा आणि गाडी घेऊन यायचं. बँकेचं कर्ज, ऊस बिलाचे पैसे, नोकरी लागल्यावरचा पहिला बोनस, यातून गावागावात गाड्या आल्या. २००१ मध्ये हिरो होंडा संख्येच्या हिशेबानं जगातली सगळ्यात मोठी दुचाकी कंपनी झाली.

गावातलं शिकणं वेगळं होतं. तिथे मैदानाची गरज नव्हती, रस्त्यावर वर्दळच नव्हती. शेताकडे जाणारी पाणंद, नांगरलेलं रान, पडलं तरी माती मऊ. पोरगं बारा-तेरा वर्षांचं झालं की गाडी चालवायला लागायचं, कारण डबा पोचवायचा असायचा, खत आणायचं असायचं. लायसन्स वगैरे तालुक्याला जायची वेळ आली की बघू. आणि इथेच आपल्या शाळेची उणी बाजू सुरू होते.

आठ काढला, पास झालो

कायदा काय म्हणतो? १९८८ चा मोटार वाहन कायदा, १ जुलै १९८९ पासून लागू. अठरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मोटारसायकल नाही. बिनगिअरच्या पन्नास सीसीपर्यंतच्या गाडीला सोळा वर्षं चालतात. आधी शिकाऊ लायसन्स, मग किमान महिनाभरानं पक्क्या लायसन्सची परीक्षा.

आणि ती परीक्षा म्हणजे इंग्रजी आठ. पाय न टेकवता आठ काढायचा. आरटीओच्या मैदानात पोरं घामाघूम होऊन हा आठ गिरवायची. पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर, चालण्याच्या वेगानं. आता विचार करा, या परीक्षेत काय तपासलं जातं? तोल. जो आपल्याला सायकलवरून आधीच आलेला आहे. मागून ट्रक येताना वळायचं कसं, पावसात पहिल्या सरीनंतर रस्ता का घसरतो, रात्री समोरचा दिवा डोळ्यावर आला तर नजर कुठे ठेवायची, यातलं काहीही त्या आठात नाही.

घरच्या शाळेतही ते नव्हतं. उलट एक धडा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या दिला गेला, 'पुढचा ब्रेक दाबू नकोस, उताणा पडशील.' तुम्हालाही दिला असेल. हा धडा आला कुठून? कच्चे रस्ते, खडी, छोटी चाकं, जुने ड्रम ब्रेक. त्या काळी वळणावर खडीत पुढचा ब्रेक झटकन दाबणारा खरंच पडायचा. पण गाडी थांबवताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं. त्यामुळे थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. डांबरी रस्त्यावर, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक एकत्र आणि वाढत्या दाबानं लावायचे असतात. रस्ते बदलले, वेग दुप्पट झाला, धडा मात्र तोच राहिला. नुसत्या मागच्या ब्रेकवर उभी राहणारी पोरं चाक घसरवत समोरच्या गाडीवर जात राहिली.

शेवटी शिक्षकाचं काम यंत्राकडे द्यावं लागलं. २०१८-१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे ब्रेक करकचून दाबला तरी चाक जाम होत नाही. त्याखालच्या गाड्यांसाठी एकच दांडी दाबली तरी पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक लागतात अशी सोय आवश्यक झाली. मामानं जे शिकवलं नाही ते आता दांडीच्या आतली तार करते.

पण यंत्र सगळं करू शकत नाही. केंद्र सरकारच्याच आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. आणि हेल्मेट नसलेल्या मृतांचा आकडा पन्नास हजारांच्या घरात होता. हेल्मेट कायद्यात १९८८ पासूनच आहे. पुण्यात त्याच्या सक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, समित्या निघाल्या. केस गळतात, मान दुखते, आवाज येत नाही, गावात कशाला. कारणं तुम्हाला पाठ आहेत. मला यात निव्वळ हट्ट दिसत नाही. ज्या पिढीनं गाडी रिकाम्या रस्त्यावर, चाळीसच्या वेगानं, ओळखीच्या लोकांच्या मध्ये शिकली, तिच्या आठवणीत धोका बसलेलाच नाही. पहिल्या गाडीची आठवण म्हणजे वारा. त्या आठवणीत हेल्मेट नव्हतं, म्हणून ते परकं वाटतं. अडचण एवढीच की तो रस्ता आता शिल्लक नाही.

किक गेली, पुढे काय?

२००१ मध्ये होंडाची ॲक्टिव्हा आली आणि बघता बघता घरातल्या सगळ्यांची गाडी झाली. आजोबा, आई, मुलगा, मुलगी, सगळ्यांना एकच गाडी चालते. २००९ मध्ये बजाजनं स्कूटर बनवणंच थांबवायचं ठरवलं. त्याआधीच येझदीचा म्हैसूरचा कारखाना बंद पडला होता, १९९६ मध्ये. चेतक हे नाव पुन्हा आलं तेव्हा ती विजेवर चालत होती. क्लच नाही, किक नाही, प्लग नाही, आवाजही नाही. आजचं पोरगं पाच मिनिटांत गाडी 'शिकतं', आणि त्यात चूक काहीच नाही. बाईला, म्हाताऱ्याला, अपंगाला गाडी सोपी झाली हा फायदाच आहे. जुन्या किकचे गोडवे गाताना तिनं किती जणांना दारातच थांबवलं होतं हेही आठवावं.

फक्त एक झालं. पूर्वी गाडी कठीण होती, म्हणून शिकायला वेळ लागायचा. धुणं, ढकलणं, मागे बसणं यात वर्षं जायची, आणि तेवढ्या वर्षांत रस्ता आपसूक कळायचा. आता गाडी सोपी झाली आणि रस्ता कठीण. शिकवायची गोष्ट बदलली आहे, पण शिकवणारे अजून क्लचपाशीच थांबलेत, आणि क्लच तर राहिलेलाच नाही.

म्हणून तुमच्या घरात या सुट्टीत कोणी गाडी शिकणार असेल, तर पाच मिनिटांचं गाडीचं शिक्षण झाल्यावर थांबू नका. मोकळ्या रस्त्यावर तीसच्या वेगानं दोन्ही ब्रेक लावून थांबायला दहा वेळा लावा. मग पावसात मागे बसून एक चक्कर मारा. रात्री एक मारा. आरशात काय दिसत नाही ते दाखवा. आणि हेल्मेट किल्लीबरोबर द्या, नंतर नाही.

तुमच्या घरातली पहिली दुचाकी कुठली होती, तिचा नंबर कधी लागला होता, आणि ती पहिल्यांदा कोणाच्या हातात दिली गेली, हे घरातल्या मोठ्यांना विचारून आम्हाला जरूर कळवा. एमनं सुरू होणाऱ्या तीन अक्षरांची जुनी नंबरप्लेट जपून ठेवली असेल तर तिचीही गोष्ट पाठवा. घरातल्या बायकांना वेगळं विचारा बरं का, त्यांच्या आठवणी सहसा कोणी विचारत नाही.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत सांभाळून चालवा. नमस्कार.